रिता झोका आणि सुपडू नानांची पाच मतं

सुपडू नानांच्या नावापुढे माझ्या वहीत पाच मतं आहेत. त्यांतली चार खोडलेली आहेत. त्या वहीत आणखी अकरा जणांची मतं आहेत, पण खाडाखोड फक्त नानांच्या पानावर. बाकीचे एकदा मत देऊन मोकळे व्हायचे. नाना आज जितक्या जोरात सांगायचे, तितक्याच घाईने दुसऱ्या दिवशी येऊन म्हणायचे, "ताई, कालनं काट."

वही मुळात वॅगनची. मी तेव्हा सावद्याच्या एका केळी संघात यादी लिहायला होते. कुणाचे घड, किती, कोणत्या वॅगनमध्ये, हे माझं काम. सकाळी दहापासून स्टेशनवर बैलगाड्या आणि ट्रॅक्टर येऊन उभे राहायचे, घड उतरायचे, पाला अंथरणाऱ्या बाया तयार बसायच्या, आणि वॅगन यायच्या दोनला, नाहीतर चारला. मधला वेळ कुणाच्याच यादीत नव्हता. त्या वेळात पत्र्याच्या शेडखाली आम्ही एका गाण्यावर भांडायचो. मला रिकामं बसवत नाही, म्हणून वहीच्या मागच्या पानांवर मी कोण काय म्हणालं ते लिहायला लागले.

नानांचं काम वॅगन तपासण्याचं. रिकामी वॅगन आली की ते आधी दारातून डोकं घालून वास घ्यायचे. आदल्या फेरीत खत होतं की सिमेंट, ते त्यांना नाकाने कळायचं. मग फळ्या, मग कडी, मग दाराची चाकं. सगळं नीट असलं की खिशातल्या खडूने दारावर एक फुली. संपूर्ण रांग झाली की पुन्हा पहिल्या वॅगनपासून सुरुवात. शर्टाचा डावा खिसा खडूने कायम पांढरा. उंच, वाकलेले, टोपी मागे सरकलेली, आणि पायात टायरच्या चपला. त्या चपलांचा फटफट आवाज सबंध फलाटावर दिवसभर इकडून तिकडे फिरत असायचा.

नाना बसलेले मी पाहिले नव्हते. चहा उभ्याने, तोही चार पावलं टाकत. लग्नाच्या पंगतीत ते वाढायला उभे राहायचे, म्हणजे बसावं लागत नाही. एकदा तापाने फणफणले तेव्हा डॉक्टरांनी झोपवून सलाईन लावली. थोड्या वेळाने शेडमधला भिला बघायला गेला, तर नाना सलाईनची बाटली हातात उंच धरून दवाखान्याच्या ओसरीत फेऱ्या मारत होते. कुणी "नाना, बसा" म्हटलं की ठरलेलं उत्तर, "बठना तो गंजना." बसला तो गंजला. बोली त्यांची धुळ्याकडची. आमची सावद्याची माणसं त्यांच्या 'शे'ची, म्हणजे 'आहे'ची, नक्कल करायची. नाना म्हणायचे, "करा नक्कल. तुमनी केयी गोड शेतस, बोली नही."

आता त्यांच्या घरातली गोष्ट, कारण ती सगळ्यांना माहीत होती आणि तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. नानांची बायको लवकर गेली. एकच मुलगी, मंगला. तिला त्यांनी एकट्याने वाढवलं. वेणीसुद्धा तेच घालायचे. त्या मंगलाने धुळ्याला शिवणकाम करणाऱ्या एका मुलाशी स्वतःच्या मनाने नोंदणी लग्न केलं. मुलगा चांगला होता, जात वेगळी होती. नानांनी चारचौघांत सांगितलं, "त्या घरनं पाणी पिवाव नही." त्या घरचं पाणी पिणार नाही. त्या दिवसापासून नानांनी लेकीचं नाव घेतलं नाही. फेऱ्या मात्र वाढल्या.

गाणं त्याच वर्षीच्या थंडीत आलं.

भिला आमच्या हमालांचा मुकादम. त्याच्याकडे सेलवर चालणारा टेप होता आणि तो त्याला घड उचलतात तसा खांद्यावर घेऊन फिरायचा. धुळ्याची पांझराकाठ पार्टी आम्हाला माहीत होती. पाच जण, लग्नात वाजवणारे. सावद्याला एका वरातीत लोकांनी त्यांना एकाच चौकात दोन तास अडवून ठेवलं होतं, नवरदेव घोड्यावर पेंगायला लागला तरी सोडलं नव्हतं. आमची शेड तेव्हापासून त्यांच्या पार्टीची भक्त. त्यांची पहिली कॅसेट निघाली ती भिलाने आणली. एका बाजूला सगळी नाचायची गाणी. दुसऱ्या बाजूला शेवटी, जिथे टेप संपत आलेली असते, तिथे हे.

"दोर नवा शे, पाट नवा शे, निंब तोच शे जुना,
आखाजी वनी, तू नही वनी, झोका रिता मना."

वनी म्हणजे आली, मना म्हणजे माझा. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्याकडे लेकींचा सण. भर उन्हाळ्यात सासरच्या मुली माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात. गाण्यात तीन कडवी होती. एकात दोर आणि पाट, दुसऱ्यात आंबे पिकले, सांजोऱ्या झाल्या, आणि शेवटी एवढंच, की झोक्यावर कुणी बसलेलं नाही तरी तो हालतो आहे आणि अंगण वाट बघतं आहे. संपलं. कोण गातंय, कुणासाठी, ती का आली नाही, काही नाही.

पहिल्याच दिवशी दोन पक्ष पडले. भिला म्हणाला, "बाप गातोय."

"बाप कशाला गाईल?" नाना चालता चालता थांबले. "बाप दोर बांधस. गावानं काम मायनं."

"आवाज बाप्याचा आहे ना, नाना."

"पार्टीमा बाई शे का एक तरी? मंग कोन गाई? तू गाशील?"

पाला अंथरणाऱ्या बायांनी दाद दिली. त्यांच्या पुढारी शेवंता अक्का. पारोळ्याकडच्या, साठीच्या आसपास, दात दोनच पण तोंड पूर्ण. त्या म्हणाल्या, "नाना, माय गाई तर सांजोरीमा गूळ कितला टाका ते सांगी. आठे दोरनं वर्णन शे. बाप शे हाऊ."

नाना माझ्याकडे वळले. "ताई, लिख. सुपडू म्हणस, माय गास." मी लिहिलं. हे पहिलं मत.

ते का माय म्हणत होते, ते शेडमध्ये सगळ्यांना कळत होतं. आई रुसलेल्या लेकीची वाट बघू शकते. तिला कुणी विचारत नाही की तू चारचौघांत काय बोलली होतीस.

आठवडाभरात ते मत खोडलं गेलं. त्या दिवशी वॅगन चार वाजेपर्यंत आल्या नाहीत, आणि भिलाने ते गाणं बोटाने उलटं फिरवून फिरवून सहा वेळा लावलं. सहाव्या वेळी नाना म्हणाले, "पोर मरेल शे."

भिलाने आवाज कमी केला.

"मरेलच शे. नहीतर झोका आपोआप कसा हाली? लिख, ताई."

मी पेन उचललं नाही. शेवंता अक्का पाल्याचा भारा खाली टाकून उभ्या राहिल्या. "जिती पोरले मारू नका, नाना."

"मी गाणानं सांगी ऱ्हायनू."

"मी बी गाणानंच सांगस."

नाना शेडबाहेर गेले आणि रिकाम्या रुळांच्या कडेने लांबपर्यंत चालत राहिले. मी ते मत लिहिलं, कारण यादीत गाळणं मला जमत नाही. दुसऱ्या दिवशी ते वॅगनच्या आधी माझ्याकडे आले. "काट ते. जोरमा काट." मी खोडलं. त्यांनी माझ्या हातातलं पेन घेऊन त्यावर आणखी दोन रेघा ओढल्या. कागद फाटला आहे तिथे.

मग आखाजी आली. मंगलाच्या लग्नानंतरची पहिली. पहिल्या आखाजीला आमच्याकडे लेक माहेरी नाही असं सहसा होत नाही. नानांच्या खोलीपुढे एक निंब होता. आठ दिवस आधी त्यांनी जळगावहून नवा दोर आणला, सुताराकडून पाट रंधून घेतला आणि झोका बांधला. मी त्या वाटेने ऑफिसला जायचे, म्हणून मला रोज दिसायचं. गल्लीतल्या मुली झोक्याभोवती जमायच्या आणि नाना त्यांना हाकलायचे. "थांबा, नवा दोर शे. थांबा जरा." ते स्वतः दर थोड्या वेळाने येऊन दोर ओढून बघायचे, गाठ तपासायचे, पाट हाताने पुसायचे. झोका त्यामुळे सारखा हालत असायचा. आखाजीच्या संध्याकाळपर्यंत त्यावर कुणी बसलं नाही. दुसऱ्या दिवशी दोर गुंडाळून खिळ्याला टांगलेला होता, आणि नाना फलाटावर येऊन सांगत होते, "लिख, ताई. बापच गास. पन चूक पोरनी शे. तिले कोनी आडाय नव्हतं. पाय नव्हतात का तिले?"

तिसरं मत. भिला पुटपुटला, "बापाला पण होते." नानांनी ऐकलं की नाही माहीत नाही. ते तोवर चौथ्या वॅगनपाशी पोचले होते.

पावसाळाभर हेच चाललं. मी एक गोष्ट पाहिली, आणि ती माझ्या वहीवरून सिद्ध करता येते. बाकीचे गाण्यावर वाद घालताना गाण्यातलं काहीतरी दाखवायचे. आंबे पिकलेत म्हणजे श्रीमंताचं घर आहे, निंब जुना म्हणजे मुलगी तिथेच वाढली, असं. नाना मात्र थेट निकाल द्यायचे. त्यांना गाण्याकडून कौल हवा होता.

दिवाळीनंतर लग्नं निघाली आणि नानांनी जाहीर केलं, "ज्यानी लिखं त्यालेच इचारी येस." ते धुळ्याला गेले. पांझराकाठ पार्टी एका लग्नात वाजवत होती. नानांनी वरातीतच गायकाला गाठलं. हे सगळं त्यांनी परत आल्यावर फलाटावर फेऱ्या मारत सांगितलं; आम्हाला त्यांच्यामागे चालत ऐकावं लागलं.

"मी म्हनं, भाऊ, ती का वनी नही? तो म्हने, कोन? मी म्हनं, तुना गाणामानी पोर. तो म्हने, बाबा, नाचनं व्हई तर नाच, नहीतर बाजूले व्हय."

"मग?"

"मंग कळी गयं की लिखेल शे त्या क्लॅरिनेटवाल्यानी. त्याले धरं. तो म्हने, नाना, माले पोरच नही. कॅसेटमा चार मिनिटं उरनी व्हतीत, आखाजी याद वनी, लिखी टाकं." नानांनी खडू रुळांवर भिरकावला. "चार मिनिटं! लिख, ताई. ह्या गाणाले काहीच अर्थ नही."

चौथं मत. शेडमध्ये दोन दिवस सुतक असल्यासारखं वाटलं. भिलाने टेप घरी ठेवला. शेवटी शेवंता अक्काच म्हणाल्या, "त्याले पोर नही म्हनीसन काय झालं? गाणं त्यानं थोडी शे आता. आपलं शे. आन तो टेप."

पण त्या धुळ्याच्या फेरीतलं एक नानांच्या तोंडून निसटलं होतं. बोलता बोलता ते म्हणाले होते, की शिंप्यांच्या गल्लीच्या तोंडाशी नवी पिठाची गिरणी झाली आहे, भलतीच आवाज करते, त्या आवाजात लेकरू कसं झोपत असेल. मंगलाला मूल झाल्याचं आम्हाला तेव्हा कळलं. गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन नाना परत फिरले होते. मी ते वहीत लिहिलं नाही. ते मत नव्हतं.

दुसरी आखाजी चार दिवसांवर आली. माल भरपूर, वॅगन बेपत्ता. ऊन असं, की घडांवर टाकलेली ओली पोती बघता बघता वाळत होती. भिलाने टेप लावला. नाना फेऱ्या मारत होते. शेवंता अक्का पाला नीट लावत होत्या, आणि गाणं संपल्यावर कुणाशी न बोलता, पाल्याशी बोलावं तसं त्या म्हणाल्या, "दोर वना, पाट वना, आंबा वनात. मुराळी कोन गया?"

भिलाने टेप बंद केला.

मुराळी म्हणजे सासरच्या लेकीला सणाला आणायला माहेरून जो जातो तो. त्याच्याशिवाय लेक येत नाही. आपण होऊन येणं म्हणजे सासरी मान खाली. शेडमधल्या प्रत्येक बाईला कुणीतरी मुराळी म्हणून आणायला आलेलं होतं, किंवा आलेलं नव्हतं. दीड वर्ष आम्ही त्या गाण्याचा कीस काढत होतो. दोराचे पदर मोजले, आंब्याची जात काढली. अकरा शहाण्या माणसांना एवढं दिसलं नव्हतं, की त्या गाण्यात कुणी तिला आणायला गेलंच नाही.

नाना थांबले. "मुराळी भाऊ जास," ते म्हणाले. "भाऊ नही तिले."

"मंग बाप जास."

"बाप कोठे जास, अक्का? लोके हसतीन."

"लोके तर आते बी हसतस." अक्का उठल्या आणि कमरेवर हात ठेवून त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. बोलणं मात्र हळू होतं. "नाना, तुम्ही दिनभर फिरतस. सावदा टेशनले इतला फिरनारा मानूस दुसरा नही. पन ह्या एक कामले तुम्ही दोन वरीस पासून बठेल शेतस."

मला वाटलं नाना निघून जातील. ते वॅगनच्या दिशेने दोन पावलं गेले, पण वॅगन नव्हती. मग परत आले आणि माझ्या टेबलाला धरून उभे राहिले.

"ताई, लिख."

"काय लिहू?"

त्यांनी वही स्वतःकडे ओढली, पुन्हा माझ्याकडे सरकवली. "लिख, गानारा घरमाईन उठस नही."

पाचवं मत. ते खोडलेलं नाही.

त्या दिवशी वॅगन आल्या तेव्हा नाना एका वॅगनवर फुली मारायला विसरले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. भिलाने गुपचूप मारली. दुसऱ्या दिवशी नानांनी रजेचा अर्ज माझ्याकडून लिहून घेतला. कारण काय लिहू विचारलं तर म्हणाले, "मुराळी." आमच्या साहेबांनी तो शब्द बघून चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, आणि सही केली.

ते तिसऱ्या दिवशी परत आले, एकटेच. आखाजी दुसऱ्या दिवसावर असताना. खिळ्यावरचा दोर तसाच होता. माझ्या टेबलापाशी येऊन त्यांनी नवीन खडू मागितला, खिशात टाकला, आणि म्हणाले, "त्या घरनं पानी पिनू."

"मंगला?"

"ती म्हने, नाना, मी गेल्या आखाजीले दारमा उभी व्हती. चार दिन. शेजारनीस्ले सांगेल व्हतं, मना बाप येस म्हनीसन." खडू खिशातून बाहेर आला, पुन्हा आत गेला. "ती म्हने, यंदा मी नही येवाव. म्हने, पुढला वरीस या. येशात ना?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हनसू? लेकरू मना खिसामाईन खडू काढीसन खाई ऱ्हायंतं. ते सोडावामा बोलनं ऱ्हाई गयं." आणि ते गेले, पहिल्या वॅगनपासून सुरुवात करायला.

त्यानंतर माझी बदली झाली, म्हणजे मीच नोकरी बदलली आणि जळगावला आले. वही बरोबर आणली. शेड, भिला, अक्का हे सगळं सावद्यालाच राहिलं. केळी पुढे रेल्वेपेक्षा ट्रकने जास्त जायला लागली, आणि फलाटावरचा तो मधला वेळ संपला असं ऐकलं.

नानांना मी त्यानंतर एकदाच पाहिलं. पुढच्याच वर्षी, आखाजीच्या आदल्या दिवशी, जळगावच्या बाजारात. दोरखंडाच्या दुकानापुढे ते उभे होते आणि दुकानदाराशी हुज्जत घालत होते. दोराचं एक टोक पायाखाली दाबून दुसरं दोन्ही हातांनी ओढत होते.

"अहो बाबा, बैल बांधायचाय की हत्ती?" दुकानदार वैतागला होता.

"त्यानापेक्षा जास्त," नाना म्हणाले.

शेजारी हिरव्या लुगड्यातली एक तरुण बाई उभी होती. पायाशी एसटीतून उतरवलेली पिशवी, तिच्यावर धुळ्याच्या एका कापडदुकानाचं नाव. तिच्या कडेवरचं पोर उन्हाने रडकुंडीला आलं होतं. रुंद कपाळ, भुवया थेट नानांसारख्या. मी हाक मारणार होते, पण आधी तीच बोलली.

"नाना, घ्या आता कोनताबी. मी याले पानी पाजी आनस. तुम्ही आठेच बसा."

"मी येस संगे."

"नही. बसा म्हनं ना. मी येस."

आणि ती समोरच्या हॉटेलात गेली. नाना दोन पावलं तिच्यामागे गेले, थांबले, परत आले. दोराचं वेटोळं दुकानाच्या पायरीशी पडलं होतं. त्यांनी ते चपलेने जरा नीट केलं, इकडे तिकडे पाहिलं, आणि त्याच्यावर बसले.

मी हाक मारली नाही. नानांचे पाय हालतच होते, टाचा खालीवर, खालीवर. खिसा पांढरा होता. डोळे हॉटेलच्या दारावर. मध्ये एक हातगाडी आली आणि दार दिसेनासं झालं, तेव्हा त्यांनी मान लांब केली, पण उठले नाहीत.